जगाला लावलेल्या टिकल्या

बेबी, तुझ्यासाठी रडायला इतकी माणसं कुठून आली? घरची माणसं रडली, गावाकडची रडली, ते ठीक. त्यांचा हक्क आहे. पण तेरवीच्या आधी एका सकाळी ते पांढऱ्या केसांचे गावंडे सर आले आणि दारात चपला काढता काढताच डोळे पुसायला लागले. मी आतल्या दारातून पाहत होते. मनात आलं, यांचं काय गेलं? त्यांच्याबरोबर औषधाच्या दुकानाच्या इंगळे मॅडम होत्या, आणखी दोघंतिघं होते. मॅडम तुझ्या फोटोसमोर बसून म्हणाल्या, "बेबीताई गेल्या, आता मंडळात मजाच नाही राहिली."

बेबीताई. या घरात तुला कोणी कधी ताई म्हटलं नाही.

मी चहा करायला उठले. साखर कमी टाकली, चुकून नाही. त्यांनी तो चहा संपवला आणि वर म्हणाले, काकू, चहा छान झाला. तुझी माणसं अशी चांगली निघाली याचाच मला जास्त राग आला.

मला तोंडानं बोलता येत नाही हे तुला ठाऊक आहे. चार माणसं बसली की माझी जीभ टाळूला चिकटते. तुझ्याशी तेवढं बोलता यायचं. म्हणून हे लिहिते आहे, दुपारी, तुझा सचिन आणि सूनबाई कामाला गेल्यावर. कोणाला दाखवायचं नाही. तू वाचणार नाहीस, तरी अक्षर नीट काढते, कारण माझं अक्षर चांगलं आहे असं तूच म्हणायचीस.

मी चौथी पास आणि तू दुसरीतून उठलेली. बार्शीटाकळीजवळच्या आपल्या गावात तू लग्न होऊन आलीस, तेव्हा मी त्या घरात मुरलेली होते. धाकट्या जावेनं थोरलीला बाई म्हणायचं ही आपल्या घरची रीत. पहिल्याच दिवशी चुलीपाशी येऊन तू म्हणालीस, "बाई, मी काय करू?" ते बाई शेवटपर्यंत तसंच राहिलं. वाचायला तुला मी शिकवलं. दुपारी तूर निवडायला बसलो की किराण्याच्या पुड्यांचे वर्तमानपत्राचे तुकडे मी गुडघ्यावर सरळ करायची. तू अक्षराला अक्षर जोडत जायचीस, अडायचीस, आणि शब्द लागला की अशी हसायचीस की सुपातली तूर हलायची. अर्धवट बातम्या असायच्या. कोणत्या तरी देशाचा राजा पळून गेला, पुढं कागद फाटलेला. तू विचारायचीस, "मंग कुठी गेला बाई थो?" मी म्हणायची, "उद्याच्या साखरेच्या पुड्यात पाहू."

तेव्हा सगळं जग आपल्या दोघींपुरतं होतं. मला ते तेवढंच पुरत होतं.

आधी माझे गेले, मग तुझे. वावर मक्त्यानं कसायला दिलं. सचिनला अमरावतीत नोकरी लागली, त्यानं घर बांधलं आणि दोघींना घेऊन आला. माझी मंगला अकोल्याला बोलवत होती, पण मी तुझ्यामागं इकडं आले. नवी वस्ती, शेजारी ओळखीचे नाहीत. मला वाटलं, बरंच झालं. आता आपण दोघीच.

आणि तू मंडळात गेलीस.

भजनाच्या बायांसाठी अंथरायची दरी आणायला म्हणून तू वस्तीतल्या सभागृहात गेली होतीस. तिथं रविवारी संध्याकाळी ते जगाच्या घडामोडींवर चर्चा करायला बसतात. दूरच्या कुठल्या समुद्रात जहाजं अडली होती, त्यावर बोलणं चाललं होतं. तू दरी काखेत घेऊन उभी राहिलीस आणि विचारलंस, "मंग आता गोडं तेल महाग होते काय?" त्यांनी तुला खुर्ची दिली. भजनाच्या बाया तिकडं फरशीवर ताटकळत बसल्या.

घरी येऊन तुझं तोंड आवरेना. "बाई, तिथं लयच मजा येते. कोणी कोणाले हसत नाही. तुमी चाला न पुढच्या रविवारी."

"मले काय समजते त्यातलं?"

"मले तरी काय समजते? बसाचं अन् ऐकाचं."

"तू ऐकशीन? तू?"

"बरं, बोलाचं. तुमी ऐकजा."

त्यानंतर प्रत्येक रविवारी तू विचारायचीस आणि मी नाही म्हणायची. पुढं पुढं तू साडी बदलता बदलता, माझ्याकडे न पाहताच विचारायला लागलीस, उत्तर ठाऊक असल्यासारखी. मग मीही रविवारी दुपारी मोठी कामं काढायला लागले. मिरच्या खुडायच्या, मुगवड्या घालायच्या. तू घड्याळाकडं पाहत भराभर हात चालवायचीस. एकदा मिरचीचा हात डोळ्याला लागला, तरी डोळा धुऊन गेलीस. लाल डोळ्यानं गेलीस. मला वाटलं होतं राहशील.

एक गोष्ट तुला ठाऊक नाही. एका रविवारी तू गेल्यावर मी मागून आले होते. नवी साडी नेसून, केस विंचरून, सभागृहाच्या फाटकापर्यंत. आत यायचं हे ठरवूनच निघाले होते. फाटकापाशी आले तर पायऱ्यांवर पुरुषांचे बूट, चपला आणि त्यांच्यामध्ये तुझी निळ्या पट्ट्याची चप्पल. आतून तुझा आवाज आला. मोठा, मोकळा. घरात तू असं बोलत नाहीस. शब्द कळले नाहीत, पण तू काहीतरी म्हणालीस आणि सगळे हसले. खदाखदा नाही, मनापासून. मग तू हसलीस, तूर हलायची तसं. ते हसणं मी माझं समजत होते. मी फाटकाची कडी न वाजवता परत आले आणि साडी घडी घालून ठेवून दिली.

मग तू तो नकाशा आणलास. जगाचा, हा एवढा मोठा, आणि लावलास कुठं तर स्वयंपाकघरात, फ्रिजच्या बाजूच्या भिंतीवर. मी म्हटलं, "फोडणीचं तेल उडते त्याच्यावर." तू म्हणालीस, "उडू द्या. जगावर काय काय उडून राहिलं."

तुझ्या ट्रंकेत टिकल्यांची पाकिटं पडून होती, तुझे होते तेव्हाची. ती तू बाहेर काढलीस. लढाई चालू त्या देशाला लाल टिकली, लढाई थांबली की हिरवी. मला बरं वाटलं नाही. मी म्हटलं, "हे काय करून राहिली बेबी? टिकल्या का खेळासाठी रायतात?"

तू नकाशाकडंच तोंड ठेवून म्हणालीस, "कपाळाले तर लावू देत नाही कोणी. जगाले लावतो मंग."

खाली पडलेलं पाकीट मी उचलून तुझ्या हातात दिलं. पण त्या नकाशाचाही मला राग यायचा हे सांगून टाकते. पोळ्या लाटताना माझ्याकडं पाहून बोलायची तू, ती आता नकाशाकडं पाहून बोलायला लागली होतीस.

आपलं शेवटचं भांडण त्या हिरव्या टिकलीवरून झालं. दोन देशांची लढाई खूप दिवस चालली होती. टीव्हीवर पडलेली घरं पाहून तू जेवायची थांबायचीस. एका संध्याकाळी युद्धबंदी झाली. तू नखानं लाल टिकली खरवडून काढलीस आणि तिथं हिरवी लावलीस. एवढी खूश की जणू तूच दोघांना समजावून आली होतीस.

मला ती खुशी सहन झाली नाही. मी म्हटलं, "युद्धबंदी म्हणजे बाटली आडवी करणं हाय."

तुला लगेच समजलं. आपल्या गावात दारूचं दुकान बंद करायला बायांचं मतदान झालं होतं. कागदावर दोन बाटल्या, एक उभी, एक आडवी. आडवीवर शिक्का मारला तर दुकान बंद. तू घराघरातून बाया काढल्यास, लाजऱ्या बायांना हाताला धरून नेलंस, मलाही. आडवी जिंकली, गुलाल उडाला. आणि थोड्याच दिवसांत दारू दुधाच्या कॅनमधून गावात यायला लागली.

"बाटली आडवी झाली म्हणून का दारू सांडते?" मी म्हटलं. "बूच पक्कं हाये. कोणीतरी उठवून उभी केली की झालं पुन्हा सुरू. हे काही टिकत नाही."

हे तुला मी आधीही कितीतरी वेळा ऐकवलं होतं. कोणत्याही युद्धबंदीला माझं तेच म्हणणं असायचं. एरवी तू हसायचीस. त्या दिवशी हसली नाहीस.

"मंग काय मतदान कराचंच नव्हतं काय?"

"मी तसं कुठी म्हनतो?"

"बाई, कॅन यायच्या आधीचे थे थोडे दिवस. माहा नवरा रोज संध्याकाळी घरी जेवला. पोराले पाढे विचारले त्यानं. तुमाले दिसलं होतं न?"

मला दिसलं होतं. ओसरीवर कंदील, सचिन बेचा पाढा म्हणतोय, आणि तू दारामागं उभी राहून ऐकते आहेस. पण मी हरायला तयार नव्हते. मी म्हटलं, "पाहू, तुही युद्धबंदी किती टिकते ते." आणि भांडी घासायला गेले. तू म्हणालीस, "टिकनच. पाहा तुमी."

त्याच आठवड्यात तुला दवाखान्यात न्यावं लागलं. तिथलं सगळं लिहीत नाही. एवढंच लिहिते, दुपारची वेळ होती, सचिन औषध आणायला खाली गेला होता, आणि तू तोंडावरची ती नळी हातानं बाजूला करून म्हणालीस, "बाई, टिकली काय?"

मला वाटलं, नकाशावरची. सकाळी निघताना मी पाहिलं होतं, तुझी हिरवी टिकली एका बाजूनं सुटून लोंबत होती, पंख्याच्या वाऱ्यानं. मी अंगठ्यानं दाबून बसवली होती. मी म्हटलं, "हाय. पडू नाही देल्ली म्या. दाबून बसवली."

तू माझ्याकडं पाहिलंस आणि हसलीस. मग डोळे मिटलेस. आणि मला काय वाटलं सांगू? वाटलं, इथंही हिला नकाशाच. इथंही जगच. माझ्याशी दोन शब्द बोलायचे तर तेही त्या भिंतीचे.

तेरवी झाली. मग एका दुपारी सचिन घरी होता, टीव्हीवर त्याच लढाईच्या बातम्या होत्या. धूर निघत होता. मी विचारलं, "हे तर थांबलं होतं न?" तो म्हणाला, "काकू, ती युद्धबंदी तर मोडली कधीच. आईला ॲडमिट केलं त्याच दिवशी."

मी पोळी उलटायला वळले, समोर नकाशा, हिरवी टिकली. आणि मला शब्द लागला. तुला लागायचा तसा, इतक्या उशिरा. तू टिकली विचारत नव्हतीस. युद्धबंदी टिकली काय, ते विचारत होतीस. आपलं भांडण पुढं चालवत होतीस, माझ्याशी, आणि मी म्हणाले, हाय, पडू नाही देल्ली, म्या दाबून बसवली.

तव्यावरची पोळी जळाली. सचिन म्हणाला, "काय झालं काकू?" मी म्हटलं, "काही नाही, धूर झाला."

तू जिंकून गेलीस, बेबी. मी हरले असं समजून हसलीस. बरं केलंस.

त्यानंतरच्या रविवारी मंडळानं तुझ्यासाठी शोकसभा ठेवली. सचिन म्हणाला, घरचं कोणीतरी पाहिजे, काकू, चला. म्हणून फाटकाच्या आत माझा पाय पडला. तुझा फोटो टेबलावर होता. पहिल्या रांगेत एक खुर्ची त्यांनी रिकामी ठेवली होती, तिच्यावर झेंडूची फुलं. मी मागं भिंतीला लागून बसले.

एकेक जण उठून बोलत होता. मला ठाऊक नसलेली बेबी प्रत्येकाकडं थोडी थोडी होती. कोणाला तू लाडू नेऊन दिले होतेस. आपल्या डब्यातले, म्हणजे डबा लवकर का संपायचा ते कळलं. कोणाशी तू पाण्याच्या वाटणीवरून महिनाभर वाद घातला होतास. मी मनात प्रत्येकाला म्हणत होते, पुरे, बसा आता खाली.

मग गावंडे सर उभे राहिले. म्हणाले, "बेबीताईंचं शिक्षण फार झालं नव्हतं. पण लहानपणी त्यांना शाळेत एक फार चांगल्या बाई लाभल्या असाव्यात. कोणताही विषय निघो, ताई सुरुवात करायच्या ती अशी, 'आमच्या बाई म्हणतात…'"

सगळ्यांनी माना हलवल्या. कोण ही बाई? तुझ्या माहेरच्या, मूर्तिजापूरकडच्या शाळेतली? दुसरीपर्यंत शिकवलं तिनं तुला, पुढं वाचायला शिकवलं मी, आणि तू नाव घेतेस तिचं? इतक्या वर्षांत माझ्यापाशी एकदाही तिचा विषय काढला नाहीस. मंडळाला सांगितलीस आणि मला नाही.

इंगळे मॅडम म्हणाल्या, "हो, त्या बाईंचं एक वाक्य तर मी नेहमी सांगते. मोठ्यांची दोस्ती म्हणजे बाभळीची सावली. ऊन चुकते, पण काटा पायात जाते."

वाक्य चांगलं होतं. तेच मला जास्त झोंबलं. कुठंतरी ऐकल्यासारखंही वाटलं, पण रागात माणसाला आठवत नाही.

मग गावंडे सर म्हणाले, "आणि ते युद्धबंदीचं? युद्धबंदी म्हणजे बाटली आडवी करणं. बाटली आडवी झाली म्हणून का दारू सांडते?"

सगळे हसले. मनापासून. फाटकापाशी ऐकलं होतं ना, अगदी तसंच.

बेबी, मी भिंतीला टेकून बसले होते म्हणून बरं. बाभळीचं ते मी तुझ्या पैसेवाल्या भावजयीबद्दल बोलले होते, ती आपल्या मंगलाच्या लग्नात मिरवत होती तेव्हा. तू ते थेट अमेरिकेला लावलंस. मिरच्या खुडताना, वड्या घालताना, तुला उशीर व्हावा म्हणून मी काढलेल्या कामांत जे जे काही मी बडबडले, ते तू संध्याकाळी तिथं नेऊन वाटलंस. आणि त्या दिवशी फाटकाच्या आत ते ज्यावर हसले, ते कदाचित माझंच वाक्य होतं. आणि मी ते ऐकून साडी घडी घालून ठेवली.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. मला तुझाच हेवा वाटला. माझं बोलणं माझ्याऐवजी तू बोललीस, हसू तुला मिळालं, खुर्ची तुला मिळाली, आणि मी घरात मुगाची डाळ वाटत बसले. आणि ज्या बाईवर मी एवढी जळले ती शाळेत नाही, स्वयंपाकघरात बसली होती. आता भांडू कोणाशी? हे भांडण तुझ्याशिवाय करता येण्यासारखं नाही.

सभा संपल्यावर गावंडे सर माझ्यापाशी आले. "काकू, तुम्हाला माहीत असेल. बेबीताईंच्या त्या बाई आहेत का अजून?"

मी खाली पाहून म्हटलं, "हायेत."

"आम्ही कितीदा म्हटलं, त्यांना एकदा मंडळात आणा. ताई म्हणायच्या, मी दर रविवारी विचारतो, त्या येत नाहीत. लाजतात. तुम्ही विचाराल का?"

दर रविवारी विचारतो. साडी बदलता बदलता, माझ्याकडं न पाहता. मला वाटायचं, तू उत्तर ठरवून टाकलं आहेस.

"इचारून पाहतो," मी म्हटलं.

मंगलाचा अकोल्याहून रोज फोन येतो. "आई, आता तिथं काय हाय तुहं? कवा येतं?" मी म्हटलं, रविवार झाल्यावर. ती म्हणाली, कोणता रविवार? मी फोन ठेवून दिला.

आठवडाभर मी विचारत राहिले. स्वयंपाकघरात कोणी नसताना, नकाशाकडं पाहून. तुझ्या आवाजात विचारून पाहिलं, "बाई, तुमी चाला न." या घरात आता मला बाई म्हणणारं कोणी नाही. सचिनची काकू, मंगलाची आई, सुनेची मोठी सासू. बाई तू घेऊन गेलीस. ती राहिली असेल तर त्या मंडळातच राहिली असेल. हिरवी टिकली मी काढली नाही. लढाई चालू आहे, नियमानं लाल पाहिजे. पण ती मी दाबून बसवली असं तुला सांगितलं आहे.

काल रविवार होता. ती घडी घातलेली साडी काढली. पायऱ्यांवर चपलांच्या गर्दीत माझी चप्पल ठेवली, जिथं तुझी असायची तिथं. आत सगळे बसले होते. तुझ्या खुर्चीवर फुलं नव्हती, पण कोणी बसलेलंही नव्हतं.

गावंडे सर उठून म्हणाले, "या काकू. त्या बाईंना विचारलंत का?"

जीभ टाळूला चिकटली होती. ती मी ओढून काढली.

"इचारलं," मी म्हटलं. "आल्या हायेत."

सगळ्यांनी माझ्या मागं दाराकडं पाहिलं. ते तिकडं पाहत होते तोवर मी पुढं गेले आणि तुझ्या खुर्चीवर बसले.